म्होरकीच्या गळ्यातली घंटी

दुपारची सुट्टी संपली की आमच्या शाळेवर एक झापड येते. खिचडीची पातेली घासून पालथी पडलेली असतात. वर्गांतून पाढ्यांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो, आणि आमच्या खोलीचा हिरवा पडदा हळूहळू आत-बाहेर होत राहतो. त्या वेळी मी दाराशी बसते. आत आमच्या पोरांतला अरमान सतरंजीवर उताणा पडून पंख्याकडं बघत असतो. पंख्याची वेगवेगळी पाती फिरता फिरता एक कशी होतात, हे तो रोज नव्यानं बघतो. त्याच्याबरोबर मीही बघते. त्या घटकेला कुणी मला विचारलं, बाई, तुमचं काम काय, तर मला पटकन सांगता येणार नाही.

म्हणून लिहून सांगते. आमच्या शिंदे मॅडम म्हणाल्या, "मावशी, दिवाळी अंकाला यंदा तुम्हीच लिहा. मी लिहिलं की ते परिपत्रकासारखं होतं." मी घाबरले. माझी शाळा चौथीत सुटलेली. पण मॅडमना नाही म्हणायचं मला जमत नाही. या शहरात मला ओळखणारं कुणी नव्हतं तेव्हा त्यांनी माझ्या हातात एका पोराचा हात दिला होता. ते मी विसरले नाही.

गारखेड्यात आमची शाळा आहे, महापालिकेची. तिच्या टोकाच्या खोलीवर 'संसाधन कक्ष' अशी पाटी आहे. ती कुणी वाचत नाही. लोक म्हणतात, त्या पोरांची खोली. कुणाला नीट दिसत नाही, कुणाला ऐकू येत नाही, कुणाचे हातपाय ऐकत नाहीत, कुणाला अक्षरं लागत नाहीत. ही पोरं बसतात आपापल्या वर्गात, सगळ्यांबरोबर. फक्त जे अडतं तेवढ्यापुरती आमच्याकडं येतात. शिंदे मॅडम विशेष शिक्षिका. त्यांच्या वाट्याला बऱ्याच शाळा, त्यामुळं त्यांची स्कूटी कधी चिकलठाण्याकडं तर कधी भलतीकडंच, आणि आमच्याकडं आठवड्यातले ठरलेले दिवस. मी मदतनीस. पोरांना गेटवरून आणायचं, संडासला न्यायचं, भरवायचं, चाकाची खुर्ची ढकलायची. कामावर लागले त्या दिवशी मॅडमनी एवढंच सांगितलं होतं, "मावशी, त्यांचं काम तुम्ही करून देऊ नका. त्यांना करू द्या. तुम्ही नुसतं बघा."

नुसतं बघणं किती अवघड असतं ते घरच्या आईला विचारा. पोरगं शर्टाचं बटन लावायला अर्धा तास घेतं, माझे हात शिवशिवतात, आणि मॅडम लांबून डोळ्यांनीच दटावतात.

आमच्याकडं येणारे पालकही तऱ्हेतऱ्हेचे. एक आजी यायच्या, नातू बोलत नव्हता म्हणून. रोज मॅडमच्या मागं लागायच्या, "मॅडम, जिभंला एखादी सुई मारा की. आमची म्हैस बसली व्हती, डॉक्टरनं एक सुई मारली तर ताडकन उठली." मॅडम त्यांना समजावून थकल्या. नातवाला मात्र मॅडम रोज फुंकणी फुंकायला लावायच्या, साबणाचे फुगे करायला लावायच्या. मग एक दिवस आजी दारातून म्हणाल्या, "चल रे घरी." पोरगं फुग्यांत रंगलेलं. वर न बघता म्हणालं, "नाय." त्याचा पहिला शब्द तो. आजी दारातच खाली बसल्या, रडायला लागल्या. जरा वेळानं डोळे पुसून म्हणाल्या, "पहिलाच शबूद आन् तोबी उलटा! बापावर गेलाय."

असे दिवस असतात. पण मला सांगायचं आहे ते ऋतुजाचं.

त्याआधी घंटीचं सांगावं लागेल. मी माणदेशातली. आमचं घर मेंढरांचं. दसरा झाला की कळप निघायचा, आणि घरही त्याच्या मागं निघायचं. पुढं म्होरकी मेंढी, तिच्या गळ्यात पितळेची घंटी. ती वाजेल तिकडं सगळी मेंढरं. धुकं असलं, धूळ असली, तरी मेंढराला काही बघावं लागत नाही. कान घंटीला लावायचे आणि चालायचं. चौथीत होते, कळप निघाला. मागून शाळेची घंटा ऐकू येत होती, पुढून म्होरकीची. चालता चालता मागची बारीक होत गेली. कधी थांबली ते कळलं नाही. त्या वर्षी मी परत शाळेत गेले नाही, मग कधीच गेले नाही. लग्न झालं. मालकांना चिकलठाण्याच्या कारखान्यात रखवालदारी मिळाली. इकडं निघताना माझ्या वडिलांनी, आबांनी, म्होरकीच्या गळ्यातली घंटी सोडून माझ्या हातात दिली. म्हणाले, "लांब चाललीस. वाजत ऱ्हा."

ती घंटी मी खोलीच्या किल्ल्यांच्या जुडग्याला लावली आणि जुडगा कमरेला. मी चालले की ती वाजायची. पोरांना माहीत, मावशी आली. आमचे शिपाई युसूफभाई म्हणायचे, "क्या मावशी, तुम आए की मंदिर का दरवाजा खुला जैसा लगता." मला बरं वाटायचं. मी भित्री आहे. या शहरात रस्ता ओलांडतानाही माझा जीव वरखाली होतो. घंटी वाजत राहिली की आबा पुढं कुठंतरी चालले आहेत असं वाटायचं.

ऋतुजा तिसरीत आली तेव्हा तिला उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. खुलताबादच्या खालच्या अंगाला तिच्या आजोबांची शेती. वडील इथं एका कंपनीत, आई घरी. पहिल्या दिवशी आजोबा स्वतः आले होते. पांढरं धोतर, पांढरी टोपी, हातात काठी. शाळेचं अंगण पाहून घेतलं. मोठं अंगण, मधे कडुलिंबाचं झाड, एका बाजूला पाण्याची टाकी, खिचडीची शेड. पलीकडं नव्या खोल्यांचं बांधकाम निघालेलं, तिथं खडीचे ढीग.

"हिला इथं सोडायचं?" आजोबा म्हणाले. "माझी नात हाय ती, बाई. जत्रंत हरवायची शेळी नाय."

"मामा, जरा दम धरा," ऋतुजाची आई सुनीता सासऱ्यांना हळूच म्हणाली.

"दम कामून? घरी काय कमी हाय तिला? दोन टाइम गरम भाकर. अंगणात बाज टाकून देतो, बसंल आरामात. कुणी ढकलणार नाय, कुणी हसणार नाय."

ते वाईट माणूस नव्हते. नातीवर त्यांचा लई जीव. ते बोलत होते तेव्हा त्यांचा हात सारखा तिच्या डोक्यावरून फिरत होता. शेवटी सुनीतानं शब्द टाकला, दिवाळीपर्यंत थांबा. शिंदे मॅडम म्हणाल्या, "आजोबा, दिवाळीच्या सुट्टीआधी तुम्ही या. तोवर ती गेटपासून वर्गापर्यंत एकटी आली पाहिजे, कुणाच्याही हाताशिवाय. तुम्हीच बघा. नाही आली तर मी अडवणार नाही."

"व्हय," आजोबा म्हणाले. "नाय आली तर मी घिऊन जाणार. ठरलं."

 ते गेल्यावर ऋतुजानं मला विचारलं, "मावशी, बाजेवर बसून दिवसभर काय करायचं असतं?"



मॅडमनी शिकवायला सुरुवात केली. मी कळपाच्या मागं चालणारी, त्यामुळं तिच्या दोन्ही खांद्यांना धरून मागून ढकलायला लागले. मॅडम ओरडल्या, "मावशी, ती काय हातगाडी आहे? तिला तुमचं कोपर द्या. ती तुम्हाला धरेल, तुम्ही तिला नाही. अर्धं पाऊल ती मागं." तसं केलं. मग भिंतीला हाताची मागची बाजू लावून चालायचं. बोटं पुढं केली तर खिळा लागतो, बोट चेचतं, म्हणून मागची बाजू. मग खुणा. गेटच्या आत पायाखाली फरशी संपून माती लागते, ती एक खूण. लिंबाखाली गाल गार होतो, ती दुसरी. टाकीच्या नळाची टिपटिप, खिचडीचा वास, व्हरांड्याची पायरी. पांढरी काठी मागवलेली होती, पण ती यायची होती. मॅडम म्हणायच्या, काठी येईल तेव्हा येईल, आधी अंगण तर तिचं होऊ दे.

मॅडम नसल्या की मी तिच्याबरोबर चालायची. तिला एकटीला सोडायचं मला धाडस होत नव्हतं. म्हणून मी चार पावलं पुढं राहायची. म्हणायची, "ये, तुझं तू ये, मी हात लावत नाही." आणि ती यायची! कधी अडखळली नाही. मान थोडी तिरकी करून, स्वतःशीच हसत, झोपेत चालल्यासारखी अलगद यायची. मला माझं लहानपण दिसायचं. उन्हात सगळं पांढरं झालेलं, अंगण नसून माळ आहे, आणि मागून एक कोकरू येतंय. मॅडमनी पाहिलं, खूश झाल्या. सुनीताच्या डोळ्यांना पाणी आलं. मला वाटलं, झालं, पोरगी शिकली.

मग एक सकाळ आली. ऋतुजा गेटातून आत येत होती, मी लिंबाखाली अरमानच्या बुटाचे बंद बघत होते. युसूफभाई आले, "मावशी, चाबी देओ जी, स्टोर खोलना है." मी बसल्या बसल्या जुडगा काढून दिला. भांडारखोली बांधकामाच्या बाजूला. युसूफभाई तिकडं निघाले. मी मान वर केली तर ऋतुजा आपल्या वर्गाकडं नाही, खडीच्या ढिगांकडं चाललेली. तशीच मान तिरकी. तशीच हसत.

मी हाक मारेपर्यंत ती ढिगावर गेली आणि पडली.

फार लागलं नाही. गुडघे सोलवटले, तळहातात खडी रुतली. पण ती रडली ती त्यामुळं नाही. मी धावत गेले, तिला धरलं, तर तिनं माझी कंबर चाचपली. जुडगा नव्हता. युसूफभाई किल्ल्या हातात घेऊन तिथंच उभे, तोंड उतरलेलं. घंटी त्यांच्या हातात वाजत होती.

"मावशी," ती म्हणाली, "तुम्ही तिकडं होता ना?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. एवढे दिवस ती अंगण शिकलीच नव्हती. फरशी नाही, लिंब नाही, टिपटिप नाही. कान घंटीला लावायचे आणि चालायचं. मी तिला मेंढरू केलं होतं.

घरी गुडघे दिसायचे ते दिसले. आजोबांचा फोन आला, सुट्टीची वाट बघणार नाही, येत्या शनिवारी येतो, कपडे भरून ठेवा. सुनीतानं शाळेत येऊन हे सांगितलं तेव्हा मॅडम सतरंजीवर बसल्या होत्या. मला वाटलं, आता मला काढतील.  मॅडम म्हणाल्या, "चूक माझीही आहे, मावशी. मीही ऐकत होते की ती घंटी. मला वाटायचं, किती छान वाजते."

मी जुडग्याची घंटी सोडायला लागले. गाठ घट्ट झालेली, सुटेना. म्हटलं, फेकून देते. ऋतुजा शेजारी बसली होती. म्हणाली, "नका ना फेकू. दाराला बांधा."

"कशाला गं?"

"ती चालती म्हणून मला कळत नाही मी कुठं आहे. ती एका जागी असली तर कळंल."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं, मी मॅडमकडं. युसूफभाई दारात होते, तेच स्टूल घेऊन आले. आमच्या खोलीच्या चौकटीला वर खिळा होता, त्याला लांब सुतळीनं घंटी बांधली. तिचा वर्ग आमच्या खोलीला लागूनच. वाऱ्यानं पडदा हलला की सुतळी हलायची, घंटी किणकिणायची. आबांची म्होरकी जन्मात पहिल्यांदा एका जागी उभी राहिली होती.

शनिवारपर्यंतचे दिवस मला स्वप्नासारखे आठवतात. मी अंगणाच्या कडेला उभी, चपला काढून, बांगड्या पदरात गुंडाळून, आवाज न करता. आणि ती चालायची. चुकायची. टाकीवर आदळायची, परत गेटला जायची. लिंबाखाली थांबून गाल वर करायची, जणू झाड तिच्याशी बोलतंय. एकदा मला म्हणाली, "मावशी, टाकीपाशी अंगण वाकतं." मी बघितलं, अंगण सपाट होतं. मग डोळे मिटून चालून पाहिलं. खरंच तिथं उतार होता, पाणी जायला केलेला. इतकी वर्षं मी त्यावरून चालले, माझ्या पायांना कधी कळलं नव्हतं. मी डोळे मिटून उभी राहिले तर शाळा केवढी मोठी झाली! कबुतरांची फडफड छताला लागून परत येत होती, वरून विमान चिकलठाण्याला उतरत होतं, आणि या सगळ्याच्या टोकाला घंटी, बारीक, एका जागी.

शनिवारी आजोबा आले. लिंबाच्या पारावर बसले, काठीवर दोन्ही हात ठेवून. बाजूला सुनीता, तिच्या पायाशी पिशवी. पिशवीत ऋतुजाचे कपडे. ती पिशवी मला अजून दिसते. युसूफभाईंनी पोरांना वर्गात पिटाळलं आणि व्हरांड्यात उभे राहिले, "कोई हिलना नहीं जी," म्हणत. मॅडमनी ऋतुजाला गेटात उभं केलं आणि बाजूला झाल्या.

ऑक्टोबरचं ऊन. लिंबाचं पान हलत नव्हतं. पडदा हलत नव्हता. घंटी गप्प.

 घंटीचा भरवसा होता, आणि आज वाराच नव्हता. मी व्हरांड्याच्या खांबाशी, किल्ल्या मुठीत दाबून. वाटलं, पळत जावं आणि दोरी ओढावी. कुणाला कळणार होतं? मॅडमनी लांबून माझ्याकडं नुसतं बघितलं.

ऋतुजा निघाली. फरशी संपली, माती लागली. लिंबाशी आली, गाल वर केला, पुढं झाली. आजोबांच्या इतक्या जवळून गेली की त्यांचा हात काठीवरून उचलला गेला आणि हवेतच राहिला. मग टाकीच्या अलीकडं ती थांबली. मान तिरकी केली. घंटी ऐकू येत नव्हती.

"मावशी?"

मी पदर तोंडात कोंबला.

"मावशी, आहात ना?"

 सुनीतानं डोळे मिटून घेतले. आजोबा अर्धे उठले. "बास झालं..." असं पुटपुटले.

ऋतुजा उभीच. मग तिनं पायानं जमीन चाचपली, हळूच, झोपलेल्या माणसाच्या शेजारून जावं तसं. उतार सापडला. ती उतारावरून वळली. शेडकडून खिचडीचा वास येत असणार, तो तिनं डाव्या हाताला ठेवला. पायरीला पाय लागला, चढली. भिंत सापडली. हाताची मागची बाजू भिंतीला लावून ती सरळ आली, माझ्या समोरून, वीतभर अंतरावरून. मी श्वास धरलेला. आमच्या दाराशी पोचल्यावर तिनं हात वर केला. सुतळी सापडली.

घंटी वाजली. वारा नव्हता. तिनं वाजवली होती.

ऋतुजा तिथंच उभी राहून पुन्हा पुन्हा दोरी ओढत राहिली. युसूफभाईंनी तोंड फिरवलं. पोरं वर्गातून ओरडायला लागली, कुणाला तरी वाटलं शाळा सुटली.

 आजोबा पारावरून उठून आमच्या दारापर्यंत आले. घंटी हातात घेऊन बघितली, आतून अंगठ्यानं चाचपली. मला म्हणाले, "बाई, अशी कुठं मिळंल?"

मी म्हटलं, "आमच्याकडं मेंढरांच्या बाजारात मिळते. तुम्हाला कशाला?"

"घरच्या दाराला बांधतो म्हणलं. सुट्टीत आली म्हंजी लागंल की तिला." मग सुनीताकडं वळून, जरा रागातच, "ती पिशी कामून आणली हितं? ने घरी."

आबांना निरोप धाडला. त्यांनी एसटीनं येणाऱ्या माणसाबरोबर दुसरी घंटी पाठवली. ती आता खुलताबादच्या खालच्या अंगाला एका दारावर आहे.

ऋतुजा वरच्या वर्गात गेली. तिची पांढरी काठी आली, ती टकटक करत सगळ्या शाळेत हिंडते, आणि नव्या पोरांना सांगते की टाकीपाशी अंगण वाकतं. माझ्या किल्ल्या आता वाजत नाहीत. पोरांना मी आलेली कळत नाही. सुरुवातीला मला चुकल्यासारखं व्हायचं, भीतीही वाटायची. मग सवय झाली.

सकाळी खोली उघडते तेव्हा दाराच्या धक्क्यानं घंटी एकदाच वाजते. त्याच वेळी शाळेची घंटाही होते. उंबऱ्याशी उभी राहून मी दोन्ही ऐकते. धूळ उडालेली दिसते, आबा, म्होरकी, सगळी मेंढरं माळावरून लांब लांब जाताना दिसतात. मी त्यांच्या मागं निघत नाही. कळप पुढं गेला, आणि मी शाळेत राहिले.